आधी घोंगडी, मग शेगडी: आपल्या अंगणातल्या जुन्या वस्तूंचा इतिहास



मागच्या दिवाळीच्या साफसफाईतच आमचं वॉशिंग मशिन बंद पडलं. २००९ साली घेतलं होतं, पंधरा वर्षं चाललं, त्यामुळे तक्रार काहीच नाही. मेकॅनिक म्हणाला, "ताई, बोर्डही गेलाय आणि बेअरिंगही. दुरुस्तीच्या पैशांत थोडी भर घातली तर नवीन येईल." मशिन गच्चीवर गेलं. तिथे आधीपासून एक गंजलेला कूलर उभा होता. दोघे शेजारी शेजारी, जणू निवृत्त झालेले दोन मास्तर.

आठ दिवसांनी मुलगा म्हणाला, "आई, मशिनचा ड्रम मला दे. मी त्याचा फायर पिट करतो. एकतीस डिसेंबरला मित्र येणार आहेत, गच्चीवर शेकोटी करू." त्याने मोबाइलवर फोटो दाखवले. भोकं असलेला चकचकीत ड्रम, आत पेटलेली लाकडं, बाजूने भोकांतून उजेड. दिसायला खरंच सुंदर.

सासूबाई पलंगावरूनच म्हणाल्या, "आग कशाला? कुंडी करा. कढीपत्ता लावा."

घरात दोन पक्ष झाले, आग आणि झाड. दोघांचं ऐकता ऐकता माझ्या लक्षात आलं, की हे भांडण काही नवीन नाही. घरातली वस्तू म्हातारी झाली की आपल्याकडे तिला बहुतेक याच दोन वाटा असायच्या. एक तर तिची शेगडी व्हायची, नाही तर कुंडी. म्हणून आज त्या वस्तूंचा थोडा इतिहास सांगते. शेवटी आमच्या ड्रमचं काय झालं तेही सांगेन.

बंब

माझं माहेर जिंतूरचं. आजीच्या न्हाणीघरात तांब्याचा बंब होता. ज्या मुलींनी बंब पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. बाहेरून मोठं गोल भांडं, त्यात पाणी. मधोमध उभी नळी, त्या नळीत विस्तव. खाली जाळी आणि राख पडायला कप्पा, वर धूर जायला तोंड, बाजूला पितळी तोटी. विस्तव मध्ये आणि पाणी चहूबाजूंनी, त्यामुळे उष्णता फारशी वाया जायची नाही. चुलीवर हंडा ठेवला तर निम्मी आंच बाजूने निघून जाते, बंबात ती पाण्यालाच मिळते. आजच्या गिझरआधी आपल्या घरातलं सगळ्यात हुशार यंत्र म्हणायचं तर तो बंबच.

बंबासाठी लाकडाचे बारीक तुकडे लागायचे, त्यांना बंबफोडच म्हणत. आजी एकेक तुकडा हातात घ्यायची, उलटासुलटा करायची, जमिनीवर आपटायची आणि मगच आत टाकायची. गोवरी असेल तर मोडून आत बघायची. मला वाटायचं, म्हातारीला वेळ जात नाही. पुढे कळलं, ती जीव शोधायची. वाळवी, मुंगी, एखादा किडा. लाकूड शोधल्याशिवाय विस्तवात जायचं नाही, हा आमच्या घरातला नियम होता, जसा पाणी गाळल्याशिवाय बंबात जायचं नाही हा नियम होता. विस्तव तर लागणारच, संसार आहे. पण तो लावताना डोळे उघडे हवेत, एवढंच ती म्हणायची.

१९९६ साली लग्न होऊन मी या शहरात आले. सासरीही बंब होता, पण तो माळ्यावर गेला होता, कारण गिझर आला होता. १९९९ साली घराला रंग देताना आम्ही तो भंगारवाल्याला विकला. तांब्याच्या वजनाचे पैसे मिळाले. सासूबाई तेव्हा काही बोलल्या नाहीत. मागच्या वर्षी एका हॉटेलात जेवायला गेलो, तर दाराशी तसाच एक बंब घासून पुसून ठेवलेला आणि त्यात मनी प्लांट लावलेला. सासूबाई त्याच्याजवळ थांबल्या, तोटीला हात लावला आणि म्हणाल्या, "आपलीही तोटी अशीच होती." त्या दिवशी मला ते पैसे टोचले.

रॉकेलचा डबा

बंब हा खात्यापित्या घरातला. गरीब असो वा श्रीमंत, सगळ्यांच्या घरी पोहोचलेली वस्तू म्हणजे पत्र्याचा डबा.

रॉकेल हा शब्द 'रॉक ऑइल'वरून आला आणि घासलेट 'गॅस लाइट'वरून. दोन्ही शब्द आपण इतके आपलेसे केले की ते परके वाटतच नाहीत. हे तेल चार गॅलनच्या, म्हणजे साधारण अठरा लिटरच्या चौकोनी डब्यांतून गावोगाव जायचं. १९२८ साली बर्मा शेल ही कंपनी सुरू झाली आणि पुढची कितीतरी वर्षं तिचं नाव आपल्या आज्यांच्या तोंडी होतं. तेव्हा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. १९४८ च्या सप्टेंबरात तो मोकळा झाला. राज्य कुणाचंही असो, डबा मात्र सगळीकडे तोच.

तेल संपलं की डब्याचं खरं आयुष्य सुरू व्हायचं. वर आडवी काठी ठोकली की पाणी भरायची बादली. दोन डबे बांबूला लटकवले की कावड. कापून सपाट केला की छपराचा पत्रा. झाकण बसवलं की धान्याची कोठी. आणि एका बाजूला खाली चौकोनी तोंड कापलं, मध्ये सळया घातल्या आणि आतून मातीचा लेप दिला की शेगडी.

भुशाची शेगडी तर माझ्या आईनेही वापरली. डब्याच्या मधोमध बाटली उभी करायची, भोवती वखारीतला लाकडाचा भुसा दाबून दाबून भरायचा, मग बाटली अलगद फिरवून काढून घ्यायची. मध्ये पोकळी राहते, खालच्या तोंडातून पेटवायचं. एकदा भरली की सकाळचा सगळा स्वयंपाक व्हायचा. भुसा मात्र आधी उन्हात पसरून, चाळून घ्यायचा. तो नियम बंबाचाच, फक्त भांडं बदललं.

मातीच्या लेपाची एक गंमत सांगते. आफ्रिकेतल्या केनियात 'जिको' नावाची कोळशाची शेगडी घरोघर असते. तिथे १८९६ ते १९०१ या काळात रेल्वे बांधायला हिंदुस्थानातून हजारो मजूर गेले होते. त्यांनीच पत्र्याची शेगडी तिकडे नेली असं तिथले अभ्यासक मानतात. नैरोबीचे कारागीर ती जुन्या पिंपांच्या पत्र्यापासून ठोकून बनवतात. ऐंशीच्या दशकात तिला आतून भाजलेल्या मातीचं अस्तर दिलं गेलं आणि कोळसा पुष्कळ कमी लागू लागला. जगभर त्या शेगडीचं कौतुक झालं. नैरोबीत आपले गुजराती ओसवाल जैन मोठ्या संख्येने आहेत, त्यांच्या घरांतही जिको असणार. मी हे वाचलं तेव्हा मला आईचे मातीने माखलेले हात आठवले. ती तर हे दर पंधरा दिवसांनी करायची आणि तिचं कौतुक कुणी केलं नाही.

डालड्याचा डबा

शेगडी झाली, आता कुंडी. कुंडी म्हटलं की डालडा.

१९३७ साली डालडा बाजारात आला. मुंबईत शिवडीला कारखाना होता. पिवळा डबा, त्यावर हिरवं झाड. तूप परवडत नाही त्यांचं तूप, असं लोक म्हणायचे. डबा रिकामा झाला की त्याच्या बुडाला खिळ्याने चार भोकं पाडायची, खाली विटेचा तुकडा, वर माती आणि तुळस. अख्ख्या महाराष्ट्रात चाळींच्या गॅलऱ्यांतून आणि वाड्यांच्या कठड्यांवरून हे डबे ओळीने बसलेले असायचे. मातीची कुंडी विकत घेणं ही तेव्हा चैन होती. गावाकडे कुंभार असला तरी शहरातल्या खोलीत झाड लावायचं तर डबाच.

मी दहा वर्षांची असताना, १९८३ साली, वनस्पती तुपात जनावरांची चरबी मिसळली जात असल्याचं प्रकरण देशभर गाजलं. आपल्या समाजात त्याचा किती धसका बसला होता हे मोठ्या बायकांना आठवत असेल. आमच्या घरी त्या दिवसापासून वनस्पती तूप बंद झालं, कुठल्याही कंपनीचं. आईने फडताळातले सगळे डबे बाहेर काढले. कशात काय होतं आणि काय नव्हतं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पण शंका आली की ती वस्तू चौक्यात नको, एवढं तिचं स्पष्ट होतं.

अंगणातल्या डब्यांना मात्र तिने हात लावला नाही. त्यांत तुळस होती, गवती चहा होता, एकात मोगरा. शेजारच्या काकू म्हणाल्या, "हेही टाक ना मग." आई म्हणाली, "त्यात झाड जगतंय. ते कसं टाकू?" स्वयंपाकघरातून जी वस्तू उतरली ती अंगणात राहिली. पुढे गंजून बुडं गळेपर्यंत ते डबे तिथेच होते.

यंत्रांचं शहर

आता आपल्या शहराकडे येऊ. आज आपण ज्याला छत्रपती संभाजीनगर म्हणतो ते औरंगाबाद माझ्या सासूबाईंच्या आठवणीत हिमरू शालींचं, पाणचक्कीचं आणि दरवाजांचं शहर होतं. मग चिकलठाण्याला एमआयडीसी आली. १९८५ साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. पैठण रस्त्यावर चितेगावला धूत कुटुंबाचा व्हिडिओकॉन उभा राहिला आणि टीव्ही, वॉशिंग मशिन, फ्रिज अशा वस्तू आपल्याच जिल्ह्यात बनून देशभर जाऊ लागल्या. मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांना आपण अभिमानाने सांगायचो, "तुमच्या घरातला टीव्ही आमच्या गावचा." २०१८ साली त्या कंपनीचं प्रकरण दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात गेलं, हे सगळ्यांनी पेपरात वाचलं आहे. पण दोन-तीन दशकं या शहराने घरोघर यंत्रं पुरवली, तेही खरं.

आमच्याकडे पहिलं मशिन आलं ते दोन कप्प्यांचं, एकात धुवायचं, दुसऱ्यात पिळायचं. सासूबाई पहिले सहा महिने त्याला हात लावत नव्हत्या. गाळलेलं पाणी हाताने मोजून वापरायची सवय, आणि हे एका वेळेला केवढं पाणी ओढतं! मग कंबर दुखायला लागली आणि त्यांचीही मैत्री झाली. ते मशिन २००९ मध्ये दुकानदाराने बदल्यात नेलं. पुढे त्याचं काय झालं, कुणी विचारलं नाही.

इथे मला एक फरक दिसतो. बंब, रॉकेलचा डबा, डालड्याचा डबा, या वस्तू एकाच धातूच्या होत्या. बोहारणीला द्या, कल्हईवाल्याला द्या, घरी कापा, कुणालाही त्यांचं काय करायचं ते कळायचं. मशिन तसं नाही. त्यात स्टील आहे, प्लास्टिक आहे, रबर आहे, तांब्याची तार आहे आणि एक हिरवा बोर्ड आहे ज्यावर काय काय चिकटवलंय ते मेकॅनिकलाही सगळं सांगता येत नाही. आजीला डब्याच्या पोटातलं सगळं माहीत होतं. मला माझ्या मशिनच्या पोटातलं काहीच माहीत नव्हतं.

म्हणून सरकारला कायदे करावे लागले. ई-कचऱ्याचे नियम २०१२ पासून लागू झाले, २०१६ मध्ये बदलले आणि आताचे नियम १ एप्रिल २०२३ पासून चालू आहेत. वॉशिंग मशिन, फ्रिज, टीव्ही सगळे त्यात येतात. म्हणजे बोर्ड, मोटार, वायर हे अधिकृत पुनर्वापर केंद्राकडेच गेलं पाहिजे. वायर जाळून तांबं काढणं हे तर पाप आणि गुन्हा दोन्ही. फ्रिजला घरी हातच लावू नका. त्याच्या नळ्यांत गॅस असतो, जुन्या फ्रिजमधला तर ओझोनच्या थराला भोक पाडणारा.

आणि कचरा म्हणजे काय हे या शहराला वेगळं सांगायला नको. २०१८ च्या फेब्रुवारीत नारेगावच्या लोकांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. त्यांचं काय चुकलं? वर्षानुवर्षं सगळ्या शहराची घाण त्यांच्या दारात जात होती. मार्चमध्ये मिटमिट्याला दगडफेक झाली, लाठ्या चालल्या. कित्येक महिने आपल्या गल्ल्यांच्या कोपऱ्यावर ढीग साचले आणि लोक रात्री ते पेटवून देत. तो प्लास्टिकचा धूर आठवला की अजून घसा खवखवतो. आपण "टाकून दिलं" म्हणतो तेव्हा ते कुणाच्या तरी गावात जातं, हे मी त्या उन्हाळ्यात शिकले.

ड्रम कुणाचा?

तर आता ड्रम. मुलगा हटून बसला होता. मी त्याला म्हटलं, "थांब, मला विचार करू दे."

आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत, हे पाठशाळेत शिकलेल्या मैत्रिणींना आठवेल. त्यातली प्रमादचर्या म्हणजे कारण नसताना जमीन खणणं, पाणी सांडणं, आग लावणं, झाड तोडणं. आपण अर्थासाठी, म्हणजे गरजेपुरता विस्तव लावतो, त्याचा दोष गृहस्थाला टळत नाही, पण तो निदान गरजेचा. मित्रांनी फोटो काढावेत म्हणून गच्चीवर लावलेली आग कशात बसते? बंबफोड आपटून आपटून टाकणाऱ्या आजीला मी काय उत्तर देऊ?

मुलाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "मग खाली वॉचमनकाका रोज रात्री पेटवतात, ते चालतं?"

प्रश्न बरोबर होता. कचनेरची कार्तिकी पौर्णिमेची यात्रा झाली की आपल्याकडे थंडी पडू लागते आणि मार्गशीर्ष-पौषात रात्री पारा दहा अंशांच्या आसपास येतो. आमच्या सोसायटीचे वॉचमनकाका पासष्टीचे आहेत. ते फाटक्या घमेल्यात हाताला येईल ते जाळत होते. खोके, दुधाच्या पिशव्या, एकदा तर सायकलचं टायर. उघड्यावर कचरा जाळायला मनाई आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये त्याला पाच हजारांचा दंड सांगितला होता. पण थंडीने काकडणाऱ्या माणसाला दंडाचं काय सांगायचं? त्यांना खोकला लागला होता, तो मला रात्री खिडकीतून ऐकू यायचा.

मग मनात आलं, ड्रम त्यांनाच द्यावा. पण लगेच दुसरं आठवलं. त्याच पाच प्रकारांत हिंसादानही आहे. कुऱ्हाड, तलवार, कुदळ यांच्या यादीत विस्तवही आहे. आग लावणं नको म्हणून मुलाला अडवायचं आणि आगीचं भांडं दुसऱ्याच्या हातात द्यायचं, ही पळवाटच नाही का? दोन दिवस मी यात अडकून होते.

सासूबाईंना विचारलं. त्यांनी शास्त्राचं नाव घेतलं नाही. म्हणाल्या, "त्याला अंगावर घ्यायला काय आहे ते बघितलंस का?"

मी बघितलं नव्हतं. चार वर्षं हा माणूस आमच्या दारात बसतो आणि त्याच्याकडे एक विरलेली शाल आहे, हे मला माहीत नव्हतं.

"आधी घोंगडी, मग शेगडी," सासूबाई म्हणाल्या. "जे जळत नाही ते आधी दे. त्यातून थंडी भागली तर बरंच."

आम्ही घोंगडी दिली, स्वेटर दिला, कानटोपी दिली. मुलगा स्वतःचे जाड मोजे देऊन आला. आठवडाभर शेकोटी खरंच उशिरा पेटू लागली. पण पहाटे तीननंतर घमेलं परत धुमसायचंच. वार्‍यात रात्र काढायची म्हणजे घोंगडी पुरत नाही, हे आपण अंथरुणातून ठरवू शकत नाही. मग ड्रम दिला.

शेगडी कशी केली

भंगारवाल्यासमोर उभं राहून मशिन उघडून घेतलं. बोर्ड, मोटार आणि वायरी ई-कचरा केंद्रात पोहोचवल्या. ड्रमच्या आतल्या प्लास्टिकच्या पट्ट्या आणि कडेचं रबर एकूणएक काढलं. हे महत्त्वाचं आहे, कारण एक तुकडा राहिला तरी पहिल्या विस्तवात विषारी धूर होतो. ड्रम स्टेनलेस स्टीलचा आहे याची वेल्डिंगवाल्याकडून खात्री केली. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा आगीला कधीच वापरू नका. तो तापला की त्याच्या धुराने ताप भरतो. बादल्या, कूलरचे पत्रे, जुन्या टाक्या यांवर बहुधा हाच मुलामा असतो.

वेल्डिंगवाल्याने खाली तीन पाय लावले, जमिनीपासून वीतभर उंच. म्हणजे खालच्या मुंग्या-किड्यांवर निखारे पडत नाहीत. ड्रमला भोकं आधीचीच आहेत, त्यांतून हवा मिळते, म्हणून लाकूड स्वच्छ जळतं, धूर कमी. बुडाला आईसारखाच मातीचा लेप दिला. वर बारीक जाळीचं झाकण, ठिणगी बाहेर जाऊ नये आणि पतंग आत येऊ नये म्हणून. जवळ पाण्याची बादली. आणि काकांना हात जोडून तीन गोष्टी सांगितल्या. फक्त कोरडं लाकूड, तेही आपटून, बघून. प्लास्टिक, टायर अजिबात नाही. आणि ही शेगडी केबिनच्या आत कधीही न्यायची नाही. बंद खोलीतल्या निखाऱ्यांचा वायू दिसत नाही, वासही येत नाही आणि झोपेतच माणूस जातो.

काका हसले. म्हणाले, "ताई, माझी आईपण लाकूड आपटूनच चुलीत घालायची. विंचू निघतो म्हणून."

कूलरची कुंडी झाली. त्याचा खालचा ट्रे जस्ताच्या पत्र्याचा, म्हणून आगीला बाद, पण झाडाला चालतो. बुडाला भोकं पाडली, कारण त्यातलं साचलेलं पाणी म्हणजे डासांची शाळा, आणि नंतर त्यांना मारायचं पातक वेगळंच. आत गोणपाट, त्यावर विटांचे तुकडे, मग माती आणि नारळाचा काथ्या. आपल्या उन्हाळ्यात पत्रा भाजून निघतो आणि मुळं शिजतात, म्हणून ट्रे पूर्वेच्या भिंतीशी, दुपारच्या सावलीत ठेवला आणि बाहेरून गोणपाट गुंडाळलं. कुणी म्हणालं, अशा खोल ट्रेमध्ये बटाटे छान येतात. आमच्याकडे तो प्रश्नच नाही! कढीपत्ता, पुदिना आणि गवती चहा लावला. मशिनच्या दाराची काच खोल वाटीसारखी असते, ती कठड्यावर चिमण्यांच्या पाण्यासाठी ठेवली. पाणी रोज सकाळी बदलते, साचू देत नाही.

मुलाचं एकतीस डिसेंबर? तो मित्राच्या शेतावर गेला आणि तिथे शेकोटी झालीच. मी काही म्हटलं नाही. पण परत आल्यावर तो म्हणाला, "आई, लाकडं पेटवण्याआधी मी बघून घेतली." मी मान हलवली आणि चहा ठेवला.

ड्रम दिला ते बरोबर केलं का, हे मी अजून छातीठोकपणे सांगू शकत नाही. ज्यांचा शास्त्राचा अभ्यास माझ्यापेक्षा जास्त आहे त्यांनी जरूर सांगावं. मला एवढं माहीत आहे, की खोकला कमी झाला आहे आणि दुधाच्या पिशव्या आता जळत नाहीत.

फाल्गुनात थंडी संपली तेव्हा काकांनी ड्रम घासून, पुसून परत आणून दिला. मी तो गच्चीवर उलटा करून ठेवला आहे, पुढच्या कार्तिकापर्यंत. शेगडीतली राख सासूबाईंनी चाळून कढीपत्त्याच्या मुळाशी घातली. त्याला नवी पानं फुटली आहेत.

मैत्रिणींनो, तुमच्या माळ्यावरही काही पडून असेल. ते नुसतं साठवून ठेवणं म्हणजे काटकसर नव्हे, तो परिग्रहच. खाली काढा, उघडून बघा, कुणाच्या कामी येईल ते ठरवा. आणि बंब असेल तर विकण्याआधी घरातल्या मोठ्या बाईला एकदा विचारा.

लिहिण्यात काही चूकभूल झाली असेल तर मिच्छामि दुक्कडम्.